सुईने फाशी: एका भूलतज्ज्ञाचं उत्तर

प्रश्न माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचा आहे. ती कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे आणि मूट कोर्टात, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाच्या कोर्टात, तिच्या वाट्याला फाशीच्या पद्धतीबद्दलची याचिका आली आहे. तिने लिहिलं: "काका, तुम्ही रोज माणसांना इंजेक्शन देऊन झोपवता. पोटावर चाकू चालतो तरी त्यांना कळत नाही. मग कैद्याला तसंच झोपवून पुढचं औषध दिलं, तर ते दोरापेक्षा बरं नाही का? आणि उद्या कायदा बदलला, तर तुम्ही द्याल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. पण एवढ्यावरच थांबलो तर तुझे न्यायाधीश म्हणतील, डॉक्टर शपथेच्या आड लपले. म्हणून आधी पहिला भाग घेऊ. खरी मेख तिथेच आहे.

मी शिकलो तेव्हा भूल म्हणजे पेन्टोथाल. पिवळसर पावडरीची बाटली, त्यात वीस मिली डिस्टिल्ड वॉटर सोडायचं, हलवायचं, सिरिंजमध्ये ओढायचं. शिरेतून आत गेलं की पेशंट म्हणतो, "डॉक्टर, तोंडात लसणीसारखं काहीतरी..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत डोळे मिटतात. मग मी पापणीच्या केसांना बोट लावून बघतो. पापणी हलली नाही की दुसरं औषध, स्नायू सैल करणारं. त्यानंतर श्वास थांबतो, म्हणून मास्क, नळी, व्हेंटिलेटर. या सगळ्यात माझा एक हात पेशंटच्या हातावर असतो आणि कान मॉनिटरच्या आवाजाकडे.

अमेरिकेत ज्याला लीथल इंजेक्शन म्हणतात त्याची मूळ रीत हीच आहे, फक्त शेवट वेगळा. केंटकी राज्याची मात्रा कोर्टाच्या कागदांत आहे: आधी ३ ग्रॅम थायोपेन्टोन (म्हणजे आपलं पेन्टोथालच), मग ५० मिलिग्रॅम पॅनक्युरोनियम, मग २४० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम क्लोराइड. पहिल्याने झोप, दुसऱ्याने शरीर लुळं, तिसऱ्याने हृदय बंद. पहिल्याची मात्रा आम्ही सिझेरियनला देतो त्याच्या आठ-दहा पट. कागदावर बघितलं तर यात चूक काढायला जागाच नाही. माणूस इतका गाढ झोपेल की पुढचं काही कळायचा प्रश्न येत नाही.

ही रीत ठरली कशी, ते ऐक. १९७७ मध्ये ओक्लाहोमाला विजेच्या खुर्चीऐवजी काहीतरी 'सभ्य' हवं होतं. बिल वाइजमन नावाच्या आमदाराने तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेकडे मदत मागितली, त्यांनी अंग काढून घेतलं. शेवटी राज्याचे मेडिकल एक्झामिनर जे चॅपमन यांनी मजकूर सांगितला. ते शवविच्छेदनातले माणूस. त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं की मी मृतदेहांचा जाणकार होतो, जिवंत माणसाचा मृतदेह करण्याचा नव्हे. विद्यापीठातल्या एका भूलतज्ज्ञाने पत्राने दुजोरा दिला, बस्स. कुठली चाचणी नाही, प्राण्यांवरचा प्रयोग नाही, मात्रेचा अभ्यास नाही. एकामागून एक राज्यांनी तोच कागद उतरवून घेतला. ७ डिसेंबर १९८२ ला टेक्ससमध्ये चार्ल्स ब्रुक्सवर तो पहिल्यांदा वापरला गेला. वाइजमन पुढे धर्मगुरू झाले आणि या कायद्याचा त्यांना पश्चात्ताप झाला, हा जाता जाता सांगण्याचा तपशील.

आता दुसऱ्या औषधाकडे बघ. मारायला ते लागत नाही. थायोपेन्टोनची ती मात्राच पुरेशी आहे. मग पॅनक्युरोनियम कशाला? पोटॅशियमने शरीराला झटके बसू शकतात आणि काचेपलीकडे साक्षीदार बसलेले असतात. लुळं शरीर शांत दिसतं. आत माणूस झोपलाय की जागा आहे, हे त्या शरीराकडे बघून कोणालाही सांगता येत नाही, मलाही नाही. आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी भीती हीच: पेशंट आतून जागा, पण बोट हलवता येत नाही. ब्रिटनमध्ये २०१४ साली यावर मोठी पाहणी झाली. ऑपरेशनमध्ये जाग आल्याच्या तक्रारी साधारण १९,००० भुलींमागे एक, आणि त्यातल्या बहुतेकांत स्नायू सैल करणारं औषध दिलेलं होतं. तिथे शेजारी तज्ज्ञ बसलेला असतो, तरीही. केंटकीत हेच औषध पाळीव प्राण्यांना मारताना वापरायला बंदी होती. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००८ च्या 'बेझ विरुद्ध रीस' निकालात केंटकीची ही पद्धत वैध ठरवली, त्यात न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी हे नोंदवलं आणि तरीही, आजवरचे निकाल मानून, बहुमताबरोबर मत दिलं. तो निकाल मुळातून वाच, तुला उपयोग होईल.

तिसरं औषध. कुठल्याही वॉर्डात जाऊन विचार, केसीएलची (पोटॅशियम क्लोराइडची) सलाईन लावली की पेशंट काय म्हणतो. आपण एका लिटरमध्ये चार चमचे म्हणावं इतकं पातळ करून, तासन् तास थेंब थेंब सोडतो, तरी म्हातारी माणसं म्हणतात, "ताई, हात जळतोय, बंद करा ते." केसीएलची अँप्यूल सरळ शिरेत ढकलायची नाही, हे नर्सिंगच्या पोरींना पहिल्या आठवड्यात शिकवतात. इथे नेमकं तेच करायचं असतं. म्हणजे सगळी भिस्त पहिल्या औषधावर. ते नीट पोहोचलं तर सगळं ठीक. आणि ते नीट पोहोचतं का, हा शीर सापडण्याचा प्रश्न आहे.

तुम्हा कायद्याच्या लोकांना ही बाब किरकोळ वाटते. माझं अर्धं आयुष्य त्यात गेलं. तालुक्याच्या एका दवाखान्यात मी नवा असताना एका बाईला पेन्टोथाल देत होतो. हातावरचं सलाईन आउट झालं होतं, म्हणजे सुई शिरेबाहेर सरकली होती, आणि घाईत माझ्या ते लक्षात आलं नाही. बाई झोपेना. मी आणखी ढकलणार, तेवढ्यात ती कळवळून म्हणाली, "डॉक्टर, हातात निखारा ठेवलाय का?" मनगटाजवळ लिंबाएवढी गाठ आली होती. ते औषध इतकं अल्कलीयुक्त असतं की शिरेबाहेर पडलं तर मांस जळतं. आम्ही थांबलो, दुसऱ्या हाताला शीर घेतली, पुढचे पंधरा दिवस तिचा हात मी स्वतः बघत होतो. ती ओरडू शकली म्हणून मला कळलं. तिला आधी लुळं केलं असतं तर कळलं नसतं.

आता अमेरिकेतलं तुरुंगाचं दालन डोळ्यांपुढे आण. औषध देणारे लोक बहुतेक ठिकाणी शेजारच्या खोलीत असतात आणि भिंतीतल्या भोकातून लांब नळी कैद्याच्या हातापर्यंत जाते. हाताला हात लावणारं कोणी नाही. कैदी बऱ्याचदा वर्षानुवर्षं तुरुंगात बसून लठ्ठ झालेला, किंवा कधीकाळी शिरेतून नशा केलेला, त्यामुळे शिरा आधीच गेलेल्या. वर घाबरलेला, आणि घाबरलं की शिरा आकसतात. १५ सप्टेंबर २००९ ला ओहायोत रोमेल ब्रूमला दोन तास टोचत होते, साधारण अठरा वेळा. शीर मिळाली नाही, शेवटी त्याला कोठडीत परत नेलं. तो २०२० मध्ये कोविडने मेला. अलाबामात नोव्हेंबर २०२२ मध्ये केनेथ स्मिथचं तसंच झालं. त्याला मग जानेवारी २०२४ मध्ये नायट्रोजन वायूने मारलं.

आणि क्लेटन लॉकेट. २९ एप्रिल २०१४, ओक्लाहोमा. हात, पाय, मान, सगळीकडे टोचून झाल्यावर मांडीच्या सांध्यातली शीर घेतली आणि लाज राखायला म्हणून वर चादर ओढली. भुलीतला पहिला धडा आहे: जिथून औषध जातंय ती जागा उघडी ठेव. चादरीखाली औषध मांसात साठत होतं. तो बेशुद्ध झाला असं जाहीर केल्यावर काही मिनिटांनी तो उठून बसायचा प्रयत्न करू लागला, बोलू लागला. मग पडदा ओढला. चादर काढली तेव्हा टेनिस बॉलपेक्षा थोडी लहान सूज होती. सुरुवातीपासून ४३ मिनिटांनी तो मेला. त्या खोलीत डॉक्टर होता, हेही लक्षात ठेव. पण मांडीतली शीर लांब सुईने घ्यायची असते, आणि सोयीची लांब सुई तिथे नव्हती म्हणे. आमच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) सुई नसली तर ऑपरेशन पुढे ढकलतात. तिथे पुढे ढकलणं म्हणजे बातमी.

ॲमहर्स्ट कॉलेजचे ऑस्टिन सॅरट यांनी १८९० ते २०१० मधल्या अमेरिकेतल्या मृत्युदंडांची मोजदाद केली आहे. बिघडलेल्या फाशा सुमारे ३ टक्के, बिघडलेली इंजेक्शनं सुमारे ७ टक्के. सगळ्या पद्धतींत सगळ्यात जास्त बिघाड याच 'वैद्यकीय' पद्धतीत. हा आकडा तुझ्या मूट कोर्टात चालेल, पण जपून वापर. 'बिघडलं' कशाला म्हणायचं हे शेवटी मोजणाराच ठरवतो.

औषधांचा पुढचा इतिहास आपल्या मुंबईतून जातो. थायोपेन्टोन बनवणारी अमेरिकेतली शेवटची कंपनी होस्पिरा. तिचं उत्पादन इटलीत हलणार होतं. इटलीने हमी मागितली की हे औषध मृत्युदंडाला जाणार नाही. अशी हमी कोण देणार? जानेवारी २०११ मध्ये कंपनीने उत्पादनच बंद केलं. मग तुरुंगखाती जगभर औषध शोधत फिरली. लंडनमध्ये एका ड्रायव्हिंग स्कूलच्या मागच्या खोलीतून चालणाऱ्या दुकानातून काही राज्यांनी माल घेतला. नेब्रास्का आणि साउथ डकोटाने मुंबईच्या केएम फार्मास्युटिकल्सकडून घेतला. बोभाटा झाल्यावर एप्रिल २०११ मध्ये त्या कंपनीने यापुढे या कामासाठी विकणार नाही असं जाहीर केलं. २०१५ मध्ये टेक्सस आणि ॲरिझोनाने भारतातूनच मागवलेला साठा अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने) विमानतळावर अडवला. आपल्याकडे आजही कुठल्या ग्रामीण रुग्णालयात सिझेरियनला मिळतं ते औषध तिकडे शस्त्रासारखं जप्त होतं, याचं मला अजून नवल वाटतं. भोगलं मात्र तिथल्या भूलतज्ज्ञांनी. त्यांच्या पेशंटला पेन्टोथाल मिळेनासं झालं.

मग पेन्टोबार्बिटाल हे त्याच जातीचं औषध आलं, तर ते बनवणाऱ्या डॅनिश कंपनी लुंडबेकने २०११ च्या जुलैत तुरुंगांचा पुरवठा तोडला. टेक्ससने २०१२ पासून फक्त त्याच एका औषधावर काम चालवलंय, छोट्या कंपाउंडिंग फार्मसींकडून (मागणीप्रमाणे औषध तयार करून देणाऱ्या दुकानांकडून) बनवून घेऊन, आणि त्यांची नावं कायद्याने गुप्त ठेवून. लुळं करणारं औषध त्यात नाही, म्हणून तीन औषधांपेक्षा ते मला प्रामाणिक वाटतं. इतर काही राज्यांनी मिडाझोलाम घेतलं, आणि इथे मला राग येतो. मिडाझ आम्ही ऑपरेशनआधी भीती घालवायला देतो. ते झोप आणतं, वेदना मारत नाही, आणि एका मर्यादेनंतर मात्रा वाढवली तरी परिणाम वाढत नाही. जानेवारी २०१४ मध्ये ओहायोत डेनिस मॅग्वायर जवळजवळ पंचवीस मिनिटं श्वासासाठी धडपडला. त्याच वर्षी जुलैत ॲरिझोनात जोसेफ वुडला पंधरा वेळा मात्रा दिली आणि जवळजवळ दोन तास लागले. तरी २०१५ मध्ये 'ग्लॉसिप विरुद्ध ग्रॉस'मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी मिडाझोलाम चालवून घेतलं, आणि वर सांगितलं की वाईट पद्धतीविरुद्ध तक्रार करायची तर कैद्यानेच दुसरी, कमी वेदनेची, मिळण्याजोगी पद्धत सुचवावी. त्याच ओक्लाहोमाने त्याच वर्षी चार्ल्स वॉर्नरला पोटॅशियम क्लोराइडऐवजी पोटॅशियम ॲसिटेट दिलं होतं हे नंतर उघड झालं. आमच्याकडे सिरिंजवर लेबल लावल्याशिवाय ट्रेमध्ये ठेवू देत नाहीत. असो.

नंतर शवविच्छेदनाचे अहवाल जमा झाले. एनपीआर या रेडिओ संस्थेने २०२० मध्ये दोनशेहून जास्त अहवाल तपासून घेतले. ८४ टक्क्यांत फुप्फुसात पाणी भरलेलं. हे पाणी माणूस मरताना शुद्धीत होता की नव्हता ते सांगत नाही, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण 'हळूच झोपेत गेला' या चित्राशी ते जुळत नाही.

तू म्हणशील, काका, हे सगळं अडाणी हातांचं. मग तज्ज्ञ हात द्या. हाच सगळ्यात ताकदीचा युक्तिवाद आहे आणि माझे काही मित्रही तो करतात: व्हायचंच आहे तर निदान नीट होऊ द्या. कॅलिफोर्नियात फेब्रुवारी २००६ मध्ये हे करून बघितलं. मृत्युदंडाची शिक्षा झालेल्या मायकल मोरालेसच्या खटल्यात न्यायाधीश जेरेमी फोगेल यांनी सांगितलं, भूलतज्ज्ञ हजर ठेवा. दोघे तयार झाले, त्यांना वाटलं फक्त बघायचंय. ऐन वेळेला वरच्या कोर्टाच्या आदेशातून कळलं की कैदी जागा आहे असं दिसलं तर त्यांनी हस्तक्षेप करायचा. हस्तक्षेप म्हणजे काय? माझा पेशंट टेबलावर जागा झाला तर मी भूल वाढवतो, कारण ऑपरेशन त्याच्या भल्याचं आहे आणि त्याने त्यावर सही केली आहे. इथे भूल वाढवायची ती मारणं सुरळीत चालावं म्हणून. दोघांनी काही तास आधी नकार दिला. मोरालेसला मारलं गेलं नाही, आणि कॅलिफोर्नियात त्यानंतर आजवर एकही मृत्युदंड झालेला नाही. २०१० पासून अमेरिकन बोर्ड ऑफ ॲनेस्थेशियॉलॉजीने नियमच केला: जो यात भाग घेईल त्याचं प्रमाणपत्र जाऊ शकतं. जागतिक वैद्यकीय संघटनेने तर १९८१ पासूनच डॉक्टरांचा सहभाग अनैतिक ठरवलाय.

म्हणजे ही पद्धत धड चालायला डॉक्टर लागतो, आणि डॉक्टर हात लावणार नाही. मग उरतात तुरुंगाचे कर्मचारी, पॅरामेडिक, आणि चादर. ब्रिटनच्या रॉयल कमिशनने १९५३ मध्ये इंजेक्शन नाकारलं त्यातही डॉक्टरांच्या संघटनेचा हाच विरोध होता. सत्तर वर्षांत गणित सुटलेलं नाही.

आता आपल्याकडे. कायद्यात अजून तेच वाक्य आहे, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५४(५) मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत: गळफास देऊन मरेपर्यंत लटकवावं. 'दीना' खटल्यात १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवलं. २००३ मध्ये विधी आयोगाच्या १८७ व्या अहवालाने इंजेक्शनचा पर्याय सुचवला. २०१७ मध्ये वकील ऋषी मल्होत्रा यांनी याचिका केली, बहुधा तुझ्या मूटचा पाया हाच. सरकारचं म्हणणं, इंजेक्शन व्यवहार्य नाही. ऑक्टोबर २०२५ मध्येही केंद्राने तीच भूमिका ठेवली आणि कोर्टाने त्यावर नाराजी दाखवली.

याचिकेत एक तुलना आहे: फाशीत मृत्यू घोषित व्हायला चाळीस मिनिटं, इंजेक्शनने पाच. इथे विरुद्ध बाजूचा वकील तुला पकडेल, आणि त्याने पकडावं. मृत्यू घोषित होण्याचा वेळ म्हणजे वेदनेचा वेळ नव्हे. वजनाप्रमाणे दोराची लांबी बरोबर धरली, मानेचा दुसरा मणका मोडला, तर शुद्ध लगेच जाते; हृदय मात्र बरीच मिनिटं धडधडत राहतं आणि डॉक्टर स्टेथोस्कोप लावून थांबतो. लांबी चुकली तर गुदमरून मरण, आणि ते फार वाईट. म्हणून २०१४ च्या 'शत्रुघ्न चौहान' निकालात कोर्टाने फाशीनंतर शवविच्छेदन बंधनकारक केलं. ते अहवाल एकत्र वाचले तर दोर कितपत काम करतो याचं उत्तर मिळेल. मूटमध्ये मी तुझ्या जागी असतो तर तेच मागितले असते.

फाशीच्या वेळी डॉक्टर आपल्याकडेही असतोच, हेही मान्य करायला हवं. आपल्या राज्यात फाशीची सोय येरवडा आणि नागपूर या दोनच कारागृहांत. २०१२ मध्ये कसाबला येरवड्यात आणि २०१५ मध्ये याकूब मेमनला नागपुरात फाशी दिली, तेव्हा कुठल्या तरी वैद्यकीय अधिकाऱ्याने आधी तपासलं आणि नंतर मृत्यूची खात्री केली असणार. तो दोराला हात लावत नाही. ही रेघ बारीक आहे, पण आहे. इंजेक्शन आलं की रेघ पुसते. नोकरीतल्या एमबीबीएस पोराला, ज्याने परवाच सरकारी बॉण्ड भरलाय, वरून पत्र येईल. आदेश तोंडी असेल, सही त्याची असेल. आपल्या व्यवस्थेत 'नाही' म्हणायची त्याची ताकद किती, हे मी जिल्हा रुग्णालयात नोकरी करून पाहिलंय.

मूटमध्ये याचिकेच्या बाजूने उभी राहणार असशील तर पेन्टोबार्बिटालचं एकच औषध माग, लुळं करणारं औषध सोडून दे, आणि शीर कोण घेणार हा प्रश्न बेंचने विचारायच्या आधी स्वतः काढ. विरोधात असशील तर फक्त तेवढाच प्रश्न विचार. माझ्या बाजूने म्हणशील तर, पापणीला बोट लावून बघताना मला पेशंट परत डोळे उघडणार आहे हे माहीत असतं, म्हणून हात थरथरत नाही. लॉकेटचा चौकशी अहवाल इंटरनेटवर आहे, सुरुवातीची वीस पानं वाचून मला फोन कर. शनिवारी माझी ऑपरेशनची लिस्ट नसते.